न सांगता गायब होणारी पोरं आणि मालकाच्या 'साध्या' अपेक्षा

चटईवाला
रामराम मंडळी. एरवी इथे भरीत आणि पावसावरच्या धाग्यांवर दोन ओळी टाकून पळतो, आज मोठं लिहितो. डोकं तापलंय.

जळगाव एमआयडीसीत माझा चटईचा छोटा कारखाना आहे. प्लास्टिकचा दाणा वितळवून टेप काढणारा एक एक्स्ट्रूडर, ती टेप विणणारे अठरा लूम, दोन्ही पाळ्या मिळून ३४ माणसं. मध्यंतरी रात्रपाळीचा ऑपरेटर आलाच नाही. फोन बंद. दिवसपाळीवाला बारा तास उभा राहून दमलेला, त्याला अजून चार तास थांब म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी मशीन बंद केलं.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक्स्ट्रूडर म्हणजे घरातला पंखा नव्हे, की बटण दाबलं आणि झालं. बॅरलमध्ये दाणा दोनशे अंशांच्या वर वितळत असतो. तसाच सोडला तर माल आतल्या आत करपतो. थंड करायचं तर आधी आतला माल बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी हीटर लावून दीड-दोन तास वाट बघा, आणि नंतरही पहिली अर्धा-पाऊण तास निघालेली टेप भंगारातच जाते. लूम टेप गुंडाळलेल्या बॉबिनच्या साठ्यावर पहाटेपर्यंत चालले आणि तेही थांबले. एका माणसाच्या न येण्याने सोळा-सतरा माणसं हातावर हात ठेवून बसली.

चौथ्या दिवशी पोरगं आलं. कानामागे हळद तशीच. म्हटलं, "काय रे?" तर म्हणे, "चुलतभावाचं लग्न होतं शेठ." "मग सांगायचं ना!" तर म्हणतो, "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

आता सांगा, यावर काय बोलायचं माणसाने?

माझ्या अपेक्षा फार नाहीत. येणार नसशील तर आदल्या दिवशी फोन कर. आठची पाळी म्हणजे आठला मशीनवर. काही तुटलं-फुटलं तर लपवू नको. आणि काम आपलं समजून कर, थोडं मालकासारखं. मोठमोठ्या डिग्र्या मी मागतच नाही. तरी माणूस तीन महिन्यांच्या वर टिकत नाही. मे महिन्यात तर पत्र्याच्या शेडमध्ये निम्मेच हजर असतात. बाकीच्या मालक लोकांचा काय अनुभव? आणि नोकरी करणाऱ्यांनीही मोकळेपणाने लिहा, मी रागावणार नाही.

फिटर_भो
पगार किती देता?

पांझराकर
शेठ, अनुभव सेम टू सेम. माझं धुळ्याला अवधानला वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. मला तर वाटतं कौशल्य शिकवता येतं, हजेरी शिकवता येत नाही. आयटीआयचा पोरगा व्हर्निअर धरायला पंधरा दिवसांत शिकतो. पण जॉब, म्हणजे मशीनवरचा पीस, चुकला तर सांगायचं, हे शिकायला त्याला वर्ष लागतं. माझ्याकडे एकाने ओव्हरकट झालेले, म्हणजे जास्त कापले गेलेले सहा पीस भंगाराच्या ड्रममध्ये तळाशी दाबून ठेवले होते. वरून धातूच्या चिप टाकलेल्या! ड्रम विकताना सापडले. मटेरिअल माझं नव्हतं, पार्टीचं होतं. त्यांना मोजून द्यायचं असतं. मी तीन दिवस सहा पीस शोधत बसलो होतो.

नुकसान झालं त्याचं इतकं नाही वाटत. तीन दिवस तो माझ्यासोबत शोधत होता, त्याचं वाटतं.

गिरणाथडी
पांझराकर भाऊ, हसू आलं पण खरंय. 😄
मात्र एक विचारते. त्याआधी कुणाचा जॉब चुकला तेव्हा तुम्ही काय केलं होतं? पगारातून कापले होते का?

पांझराकर
...कापले होते. एकाचे. ४०० रुपये.

गिरणाथडी
मग पोरगा कशाला बोलेल!

हिशोबवही
मी इथे फारशी लिहीत नाही, पण हा विषय रोजचा आहे. धुळ्याच्या एका होलसेल पेढीत अकाउंट बघते, सात वर्षं झाली. टॅली, जीएसटी, बँक, वसुलीचे फोन, सगळं. शेठजी माणूस चांगला, शिवी नाही, पगार ७ तारखेला हातात. त्यांची एकच अपेक्षा असते: ११ आणि २० तारखेला कोणी मरायचं नाही. (११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.) तेवढं मला पटतं. या तारखा मी स्वतः कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवल्यात, भावाच्या साखरपुड्याची तारीखही त्या बघून काढायला लावली होती.

पण कामावर घेताना न सांगितलेल्या अपेक्षा किती असतात बघा. पाहुणे आले की चहा मीच करायचा, कारण ऑफिसात बाई मीच एकटी. सहाला सुट्टी, पण पावणेसहाला "ताई, जरा एवढं बघा ना" हे ठरलेलं. आमच्याकडे रात्री आठनंतर गावाकडे गाडीच नसते, हे सात वर्षांत त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. रात्री दहाला ग्रुपवर मेसेज, आणि त्याला अंगठा दाखवला नाही तर सकाळी "मेसेज बघितला नाही वाटतं". मुलाखतीत पहिला प्रश्न डेबिट-क्रेडिटचा नव्हता, "लग्नाचं काय ठरलंय?" हा होता. त्यांना माणूस टिकायला हवा म्हणून विचारतात, हे कळतं मला. पण तोच प्रश्न आमच्या गोडाऊनच्या मुलाला कोणी विचारला नाही, आणि तो आठ महिन्यांत सुरतला गेला.

चटईवाला दादा, तुमच्या पोराने सांगितलं ते वाक्य परत वाचा. "तुम्ही नाही म्हटलं असतं." खरंच म्हटलं असतं का?

चटईवाला
ताई, प्रामाणिकपणे सांगायचं तर हो. लग्नसराई होती, आधीच दोघे सुट्टीवर होते. पण एक दिवस दिला असता. चार नसते दिले.

हिशोबवही
चुलतभावाचं लग्न एका दिवसात उरकतं का आपल्याकडे? हळद, मांडव, लग्न, वरून पोरीकडचा मूळ. 🙂

फिटर_भो
पगार?

जंक्शन_६१
भुसावळहून. रेल्वेत ३६ वर्षं काढली, निम्मी इंजिनावर. आमच्या वेळी कॉल बॉय सायकलवरून घरी येई. गाडी सुटायच्या आधी दोन तास निरोप, वहीवर सही. त्यानंतर लॉबीत साइन ऑन, म्हणजे ड्यूटीवर हजर झाल्याची नोंद. आता तोंडात नळी धरून दारूची तपासणी होते, मशीन हिरवं दाखवेल तरच पुढे. घरात सत्यनारायण असो की बारसं, कॉल आला की डबा उचलायचा. बायको बडबडायची, पोरं रडायची.

पण चटईवाले, एक फरक नीट बघा. मी आजारी पडलो तर गाडी थांबत नव्हती. स्पेअरमध्ये माणूस बसलेला असायचा. शिस्त फक्त आमच्या अंगात नव्हती, वहीत होती. कोण येणार, नाही आला तर कोण, हे आधी लिहिलेलं. तुमच्याकडे एक ऑपरेटर नाही आला की कारखाना बंद, याला त्या पोराचा दोष किती आणि तुमच्या वहीचा किती? राग मानू नका, म्हातारा माणूस आहे, बोलून जातो.

चटईवाला
राग नाही काका. पण रेल्वेचं आणि माझं कसं जुळणार? स्पेअर ऑपरेटर बसवून ठेवायचा तर महिन्याचा एक पगार जादा. चटईला किलोमागे काय सुटतं ते मलाच माहीत. दाण्याचा भाव वाढला तर मी ओरडू कोणाकडे?

पांझराकर
स्पेअर माणूस नको, स्पेअर हात करा. दोन लूमवाल्यांना एक्स्ट्रूडर शिकवून ठेवा. मी तेच केलं, हेल्परला लेथ शिकवला. (तो पण शिकून नाशिकला सातपूरला गेला, ते सोडा.)

सालदाराचा_नातू
भाऊसाहेब, मी अहिरानीमाच लिखस, राग नका धरज्यात. मन्हा आजा चाळीस वरीस सालदार व्हता. आखाजीले (अक्षय्य तृतीयाले) साल ठरे. दाना इतला, कपडा इतला, जोडा एक, रोख इतला. चार मानसंसमोर बोलाई जाये. कोन्ता सनले घर जावानं, तेबी तठेच ठरे. मालक म्हने, "आपलं घर समजी ऱ्हाय." आजा म्हने, "घर समजस मालक, पन बोली पक्की पाह्यजे."

आते तुम्ही पोरले काय बोली करी? काही लिखी देल शे का?

उपरा_पुण्यात
वरच्या प्रतिसादाला माझं मत. मूळ गाव यावल तालुक्यात, पुण्यात चाकणला एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत एचआर बघतो. आजोबांची ती बोली म्हणजे आमच्या भाषेत नेमणूकपत्र. पगार किती, काम कोणतं, तास किती, रजा किती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. पण खान्देशातल्या किती कारखान्यांत पोराच्या हातात कागद मिळतो? "ये उद्यापासून", संपला विषय.

आमच्याकडे मुलाखतीला खान्देशातली पोरं खूप येतात. हुशार असतात, कष्टाला मागे नाहीत. अडतात कुठे सांगू? "येत नाही" म्हणत नाहीत. "ड्रॉइंग वाचता येतं का?" "येतं सर." समोर ठेवलं की गप्प. अरे, नाही येत म्हण! मी शिकवायला तयार आहे, पण काय येत नाही हे मला कळायला हवं. परवा एक पोरगा म्हणाला, "सर, टॉलरन्स कळतो, ती त्रिकोणाची खूण नाही कळत." मी त्याला तिथेच घेतलं. सरफेस फिनिशची खूण होती, पाच मिनिटांचं काम.

आणि मालक लोक मुलाखतीत विचारतात काय? "गाव कोणतं? कोणाचा? पाहुणे कोण?" यातून काय काढायचं असतं ते आपल्या सगळ्यांना कळतं. ते बंद झालं पाहिजे.

केळीचं_पान
गाव-पाहुणे विचारतात त्याचं मी वेगळं सांगतो. जळगावच्या सराफ बाजारात माझा मामा मुनीम होता. तिथे ओळखीशिवाय झाडूवालासुद्धा ठेवत नाहीत. सोन्याचा कण झाडलोटीत जातो, गटारीतला गाळही विकला जातो. तिथे विश्वास हेच कौशल्य. जात बघून माणूस ठेवू नये हे मान्यच, पण जामीन मागणं आणि जात विचारणं या दोन गोष्टी एक नाहीत.

आमच्याकडे सावद्याला केळीच्या कापणीच्या टोळ्यांचं पाहा. मुकादम टोळीला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत टोळी त्याची. मालकाला घड मोजून, ठोकर न लागता गाडीत हवा. घडाला डाग पडला की दिल्लीचा व्यापारी भाव पाडतो. म्हणून टोळीतला जुना माणूस घड खांद्यावरून कसा उतरवतो ते बघण्यासारखं असतं, तान्हं मूल उतरवावं तसा. त्याला कोणी 'मालकासारखं वाग' असं सांगितलेलं नाही हो. घडामागे दर ठरलेला आहे आणि डागाचे कापले जाणार हेही ठरलेलं आहे.

गिरणाथडी
"मालकासारखं वाग" हे वाक्य मला नेहमी गमतीचं वाटतं. आमचं अमळनेर. विप्रो तिथे १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. गावातल्या ज्या लोकांनी तेव्हाचे शेअर घेऊन पेटीत जपून ठेवले, त्यांची नातवंडं आजही डिव्हिडंड खातात. ती मंडळी मालकासारखी वागली, कारण कागदावर मालकच होती!
चटईवाले भाऊ, द्या दोन-चार टक्के. बघा पोरं कशी राखण करतात. 😄

चटईवाला
ताई, टक्के द्यायला आधी नफा लागतो. 😅
पण मुद्दा लागला. 'मालकासारखं' मागे घेतो. 'जबाबदारीने' म्हणू.

फिटर_भो
भाऊ, मी दोन वेळा विचारलं. तुम्ही मोकळेपणाने लिहा म्हणाले, तर ऐका.

मी जळगावच्या सरकारी आयटीआयचा फिटर. पहिली नोकरी 'मशीन ऑपरेटर' म्हणून लागली. पहिल्या दिवशी दाण्याची पोती उतरवायला लावली, २५ किलोची. म्हटलं, नवीन आहे, चालतं. चौथ्या महिन्यातही पोतीच. दुसरीकडे सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून गेलो. आयटीआयवाल्याला महिन्याला ८ हजार सरकार देतं, मालकाच्या खिशातून जात नाही. सहा महिन्यांची मुदत होती, ती पुढे अकरा केली. अकरा महिने फुकट हात वापरले आणि मुदत संपली तसा गेट बंद. प्रशिक्षण म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, स्टोअरमध्ये स्टिकर लावत होतो.

तिसरीकडे बारा तासांची पाळी. आठ तासांवरचे चार तास 'ओव्हरटाइम', पण रेट सिंगल. विचारलं तर म्हणे, "सगळीकडे असंच आहे." आठला मशीनवर म्हणता ना? म्हणजे पावणेआठला गेटवर, अंगठा, कपडे बदल, आधीच्याकडून चार्ज घे. त्या पंधरा मिनिटांचे कोण देतं? सुटताना समोरचा आला नाही तर थांबायचं, त्याचे कोण देतं?

आणि तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टीत दाण्याचं तापमान आहे, भंगार आहे, लग्नाची हळद आहे. पगाराचा आकडा नाही. जाहिरातीतही 'पगार पात्रतेनुसार' असंच असेल.

सालदाराचा_नातू
बोलना भो. 👏

जंक्शन_६१
फिटर, तिखट बोललास पण सरळ बोललास. साइन ऑन केल्यापासून आमची ड्यूटी मोजत होते, गाडी हलल्यापासून नाही.

उपरा_पुण्यात
ओव्हरटाइमबद्दल नोंद करून ठेवतो, वाद नको. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून जादा तासाला दुप्पट दर आहे, नव्या संहितेतही दुप्पटच. 'सगळीकडे असंच' हे कारखाना तपासायला आलेल्या साहेबासमोर चालत नाही.

चटईवाला
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. बायकोने धागा वाचला, तिने तर फिटरचीच बाजू घेतली.

आकडा लिहितो. ऑपरेटरला १५,००० धरतो. त्यातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के म्हणजे ११३, व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. माझ्याकडून वर पीएफचा हिस्सा आणि चार्जेस धरून १,९५०, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४८८. म्हणजे मला एक ऑपरेटर १७,४३८ ला पडतो. बोनस वेगळा, तो वर्षाला ८.३३ टक्क्यांनी देतोच.

आता कबुली. ओव्हरटाइम मी पण सिंगलने देतो. १५ हजाराला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाला ७२ रुपये पडतात. दुप्पट म्हणजे १४४. रोज चार तास, दोन पाळ्या, सगळ्यांचं मिळून गणित केलं आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. ते मला झेपत नाही. तीन पाळ्या आठ-आठ तासांच्या केल्या तर माणसं जास्त लागतात, जी मिळत नाहीत म्हणून तर हा धागा काढला!

तूर्त एवढं केलंय. जाहिरातीत आकडा आणि हातात किती मिळणार हे दोन्ही छापायला दिलं. हळदवाल्या पोरालाच रजेची वही करायला सांगितली, कोण कधी नाही ते भिंतीवर लागेल, लग्नाच्या तारखा आधीच टाका म्हटलं. पहिल्याच दिवशी मे महिन्यात अकरा लग्नं निघाली. त्यातल्या दोन तारखा माझ्याच घरच्या आहेत.

ओव्हरटाइम दीडपट करण्याचा विचार चाललाय.

हिशोबवही
दादा, आकडे टाकलेत हे फार बरं केलंत. हिशोब तपासला, बरोबर आहे. फक्त फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापा.

उपरा_पुण्यात
दीडपट हा आकडा कायद्यात नाहीये दादा. दुप्पट आहे.

चटईवाला
माहीत आहे. म्हणून 'विचार चाललाय' लिहिलं.

पांझराकर
शेठ, तुम्ही आकडा टाकला आणि आमची पंचाईत केली. माझ्या हेल्परने आज हाच धागा मोबाइलवर उघडून दाखवला.

गिरणाथडी
😂😂 मग ४०० परत केले का?

पांझराकर
तो माणूस कधीच सोडून गेला ताई. नंबर शोधतोय.

फिटर_भो
चटईवाले भाऊ, आकडा दिला त्याबद्दल धन्यवाद. मी आता एका ठिकाणी बरा लागलोय, पण माझा भाचा आहे, यंदाच आयटीआय पास झाला. पोती उचलायला नाही म्हणणार नाही, पण मशीन कधी शिकवणार तो महिना लिहून द्या. ओव्हरटाइमचं दुप्पट होईपर्यंत तो आठच तास करेल, चालेल का?

चटईवाला
आठ तास चालतील. मशीन दुसऱ्या महिन्यापासून, कागदावर देतो. सोमवारी पाठव, आधार आणि मार्कशीट घेऊन. आणि नाही येणार असेल तर रविवारीच फोन कर म्हणा.

फिटर_भो
येईल. आठला गेटवर की मशीनवर?